बाजेबाहेर आलेले पाय

सुगी संपता संपता कोप्रेसला घरी आणलं आणि आतल्या खोलीत बाजेवर ठेवलं. आता नाईलचं पाणी चढायला लागलं होतं, खळी कधीच झाडून झाली होती, तरी तावेसला त्या खोलीत बाजेकडे पाठ करून उभं राहता येत नव्हतं. पाठ केली की मानेवर कुणाचं तरी लक्ष आहे असं वाटायचं. रांजणातून बार्ली काढायची झाली तर ती खेकड्यासारखी आडवी आडवी सरकायची, कडेवरच्या नोन्नाला घट्ट धरून, आणि उंबऱ्याबाहेर आली की मगच श्वास सोडायची.

स्वतःच्या नवऱ्याचं भय वाटावं, याची तिला लाज वाटे.

धर्मासाठी जीव देऊन रक्तसाक्षी झालेल्या माणसाला तिकडे पुरत नसत. तागाच्या पट्ट्यांत गुंडाळून घरातच ठेवत, उशाशी दिवा, पायाशी पाण्याचा गडू. सुभेदाराच्या माणसांना हे खपत नसे. पण गावच्या मुखियाच्या सुनेला मूल होत नव्हतं आणि तीही मागच्या दाराने तेलाची बुधली घेऊन कोप्रेसकडे येऊन गेली होती, त्यामुळे मुखियाने इकडे पाहणंच सोडलं होतं. लोक येत, पायांना तेल लावत, तेच निपटून घरी नेत. कुणी ताप आलेलं पोर आणून बाजेखालून सरकवून काढी.

या सगळ्यावर सासूची, सेनूरिसची, हुकमत होती.

"एकेक करून या गं. अंगावर येऊ नका. तो काय पळून चाललाय?" ती खेकसायची. "जिवंत होता तेव्हा कधी घरात सापडला नाही. आता बघा, कसा गुणी मुलासारखा पडून आहे."

बायका हसता हसता रडायच्या. सेनूरिस रडत नसे. तिला पोटचं मूल नव्हतं. कोप्रेस तिला गावाबाहेरच्या उकिरड्यावर सापडला होता, आणि अशा पोरांचं नाव तिकडे कोप्रेसच ठेवतात, उकिरड्यावरचा म्हणून. गल्लीतल्या पोरांनी जन्मभर त्याला नाक दाबून हाका मारल्या. त्याच पोरांच्या बायका आता त्याच्या पायांना ओठ लावत होत्या.

सुभेदाराने देवळापुढे वेदी मांडली तेव्हा गावातल्या काही ख्रिस्ती पुरुषांना एकेक करून बोलावलं होतं. त्यांच्या देवांच्या नावाने चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकायचा आणि घरी जायचं. ज्यांनी टाकला नाही त्यांना दोरीला बांधून मोठ्या शहरी नेलं. कोप्रेस त्यांच्यात होता. पुढे बातमी आली की सगळ्यांची मुंडकी उडवली आणि मुंडक्यांसकट धडं शहराबाहेरच्या ढिगावर टाकली. नोन्नाला तेव्हा ताप होता, म्हणून सेनूरिस एकटीच गाढव घेऊन गेली. परत आली ती गुंडाळलेला देह घेऊनच. तावेसने तोंड पाहायला मागितलं तेव्हा सासू म्हणाली, "पाहण्यासारखं नाही. जसा होता तसा ध्यानात ठेव."

पण पाय बाजेबाहेर येत होते. बाज कोप्रेसने स्वतःच्या मापाची विणलेली होती, आणि कोप्रेस काही उंच माणूस नव्हता. वीतभर पाय बाहेर. तावेसने भीत भीत विचारलं होतं.

"तागात माणूस लांब होतो," सासू म्हणाली. "बघत काय बसलीस? दिव्यात तेल घाल."

तावेसने तेल घातलं.

*

दुपारी, सगळा गाव सावलीला आडवा झाला की ती नदीवर जायची. बाळोती धुवायला ती वेळ बरी. कुणी हात जोडायला येत नाही, कुणी तिच्या पदराला शिवत नाही. त्या दिवशी नोन्नाला बोरूच्या टोपलीत ठेवून ती गुडघाभर पाण्यात उतरली, आणि मान वर केली तर लव्हाळ्यात कोप्रेस उभा होता.

मेलेल्याला सावली नसते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने त्याच्या पायांशी पाहिलं. पण ऊन ऐन डोक्यावर होतं. सावली तिच्याही पायाशी नव्हती.

"तावेस, ओरडू नकोस."

ती ओरडली नाही. पाण्यातून बाहेर आली, टोपलीपुढे बसली आणि पोरीचे डोळे हाताने झाकले.

"तू घरी आहेस," ती म्हणाली. "आतल्या खोलीत."

"ऐकलंय मी. पलीकडे वीटभट्टीवर एक जण सांगत होता, कोप्रेसच्या पायाचं तेल चोळलं की गुडघे धरायचे थांबतात." तो हसायला गेला पण हसू नीट आलं नाही. "माझेच गुडघे धरतात गं, तावेस."

तेव्हा तिला कळलं की हा जिवंत आहे. मेलेला माणूस असली तक्रार करणार नाही. एकाच गल्लीत धुळीत खेळून दोघं वाढली होती. कुरकूर करताना त्याचा खालचा ओठ कसा पुढे येतो हे तिला पाठ होतं. तो ओठ आत्ता पुढे आला होता. तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, पण ती टोपलीपुढून हलली नाही.

"मग आत कोण आहे?"

"मला काय ठाऊक? मी तुलाच विचारणार होतो."

तो खाली बसला, तिच्यापासून दूर, अंग चोरून. पाण्याकडे बघत बोलू लागला.

"शहरी मला पुन्हा वेदीपाशी उभं केलं. दोघांनी माझा हात धरला, पुढे ओढला, तळव्यात धूप ठेवला. म्हणाले, हात आम्ही धरलाय, पाप आमच्या माथी, तू नुसता उभा राहा. आणि हे खरं आहे, तावेस, हात त्यांनीच धरला होता. कुणी विचारलं तर मला तसं सांगता येईल." त्याने उजवा हात मांडीखाली घातला. "पण मूठ मी उघडली. ती त्यांना उघडता आली नसती. मीच उघडली."

नदीवरून काहीतरी वाहत गेलं, झाडाची फांदी असावी. नोन्नाने आईचा हात बाजूला केला आणि त्या अनोळखी माणसाकडे टक लावून पाहिलं. मग त्याच्या दाढीकडे हात पसरले.

तो पुढे झाला. आणि मागे सरला.

"या हाताने नको," तो म्हणाला.

"दात आलाय तिला," तावेस म्हणाली. "खालचा. चावते."

"चावते?" त्याचे डोळे भरले.

पलीकडच्या काठावर, वीटभट्टीवर तो काम करत होता. पाणी आणखी चढलं की भट्टी बंद होणार. उद्या संध्याकाळी माणसांना घेऊन नाव दक्षिणेला जाणार. ती ये म्हणाली तर तो घरी येणार होता. लोक थुंकतील, ख्रिस्ती मंडळी दाराबाहेर उभं करील, तो सोसणार होता. ती नको म्हणाली तर तो नावेत बसणार होता.

"आणि मग मेलेलाच राहीन. मेलेला असताना मी बराच बरा माणूस आहे म्हणे."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब," ती म्हणाली. "नावेत चढू नकोस. मी येते, नाहीतर... थांब तू."

*

घरी आली तर आपा होरियोन आत बसले होते. मंडळीचे वडील, उंच, वाळलेले, नेहमी कुठून तरी कुणी हाक मारील असे दचकलेले. बाजेशी गुडघे टेकून त्यांनी तागाचा एक पदर मुठीत धरला होता.

"परवा मला बोलावलंय," ते तावेसला म्हणाले. "शहरी. पुन्हा वेदी मांडलीय."

तिने नोन्नाला खाली ठेवलं.

"पोरी, कुणाला सांगू नकोस. मी भित्रा आहे. कुत्रं भुंकलं तरी मी दाराआड होतो. इतकी वर्षं लोकांना धीर धरा, धीर धरा सांगत आलो, ते त्यांच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त." त्यांनी बाजेकडे पाहिलं. "पण हा बघ. लिहिणं नाही, वाचणं नाही, उकिरड्यावरचं पोर. ह्याला जमलं तर मला जमेल. रोज सकाळी उठून मी एवढंच म्हणतो. ह्याला जमलं."

तावेसच्या जिभेवर शब्द आला होता. तो तिने गिळला.

आपा गेले. सेनूरिस परसात पीठ मळत होती. खोलीत दिवा, रांजण, बाज, आणि ते बाहेर आलेले पाय. तावेस पहिल्यांदाच सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. इतके दिवस ती नवऱ्याला भीत होती, तेव्हा निदान भय ओळखीचं होतं. आता हा कोण होता? ह्याच्या पायांवर डोकं ठेवून ती रडली होती. पोरीचा ताप उतरला, दूध कमी येतंय, सासूची कंबर धरलीय, सगळं सगळं रोज ह्याला सांगितलं होतं, नवरा समजून. एका परक्या माणसाने तिच्या मनातलं सगळं मुकाट ऐकून घेतलं होतं.

"कोण रे तू?" तिने हळूच विचारलं.

बाजेची दोरी उन्हाने करकरली. रोजच करकरायची. तावेस पोरीला उचलून अंगणात पळाली.

*

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना दारात एक म्हातारी आली. तेरूस नाव तिचं, नदीच्या खालच्या अंगाला लांबच्या गावची. तळव्यांना भेगा, डोक्यावर कांद्याची जुडी आणि भाकरी बांधलेलं फडकं. घरोघर, जिथे जिथे रक्तसाक्षी ठेवला आहे तिथे तिथे ती जात होती. मुलगा पेकूसिस शहरात पाथरवटांकडे कामाला होता. त्याला मारल्याचं तिला उशिरा कळलं. ढिगावर गेली तोवर तिथे कुणीच उरलं नव्हतं.

"इथे तुझं कोणी नाही," सेनूरिस दारातच म्हणाली. "हा माझा कोप्रेस आहे. सगळ्या गावाला विचार."

"मी कुठे नाही म्हणते, बाई? नुसतं हात जोडते आणि जाते."

"हात बाहेरून जोडता येतात."

"तुमच्या गावात पाहुण्याला पाणी पण बाहेरूनच दाखवतात का?"

अंगणातल्या बायका फिस्सकन हसल्या. सेनूरिसचा नाइलाज झाला. तावेसने म्हातारीला पाणी दिलं, मूठभर खजूर दिले आणि आत नेलं. मागोमाग आपा होरियोनही आले. उद्या निघायचं म्हणून ते आज दिवसभर तिथेच घोटाळत होते.

तेरूस बाजेपाशी गेली, पण उशाशी नाही, पायाशी. बाहेर आलेल्या पायांकडे बघत राहिली. मग खाली बसून तिने ते पाय अलगद मांडीवर घेतले, जशी कुणी दळायला बसताना सवयीने मांडी लावून घेते तसे.

"माझाही असाच," ती कुणाला तरी म्हणाली. "कुठल्या बाजेत मावला नाही. थंडीत पाय बाहेर पडायचे, मग मी असे मांडीवर..."

ती थांबली. तावेस तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. नोन्ना झोपेत कूस बदलताना छातीवर कुठे कसं वजन टाकते, हे तावेसला अंधारातही कळलं असतं. तिच्या जागी दुसरं पोर ठेवलं तरी कळलं असतं. म्हातारीच्या मांडीला तसंच काहीतरी कळलं होतं.

तेरूसने खोलीत नजर फिरवली. दिवा, तेलाच्या बुधल्या, दारात दाटलेल्या बायका, गुडघ्यांवर बसलेले आपा.

"नाही," ती म्हणाली. "हा माझा नाही. तुमचाच आहे."

असं म्हणाली, आणि पाय सोडले नाहीत. अंगठ्याने टाच चोळत राहिली, हळूहळू, टाच गरम व्हायची वाट पाहत असल्यासारखी.

दाराबाहेर ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. नावेची वेळ होत आली होती. तावेसने आपांकडे पाहिलं. त्यांच्या मुठीत अजून तागाचा पदर होता.

"हा तुमचाच आहे," तावेस तेरूसला म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "माझा जिवंत आहे. काल नदीवर भेटला. त्याने धूप टाकला आणि तो सुटला. हा तुमचा पेकूसिस आहे, आजी."

सेनूरिसने तिच्या थोबाडीत मारली. नोन्ना दचकून रडायला लागली. मग त्याच हाताने सेनूरिसने भिंत धरली आणि खाली बसली.

"म्हणजे जिवंत आहे," ती म्हणाली. "कुठे आहे मेला?"

"आत्या, तुम्हाला ठाऊक होतं?"

"ढिगावर तो नव्हता. मग तो कुठे असेल, हे कळायला मला काय ज्योतिषी लागतो? सगळी तोंडं पाहिली मी. एकेक. हा कडेला पडला होता, ह्याचं कोणी आलं नव्हतं आणि कावळे बसत होते. पहारेकरी म्हणाला, तुझा कोण? नात्याचा नसेल तर हात लावायचा नाही." तिने तेरूसकडे पाहिलं नाही. "मी म्हटलं, माझा पोरगा. ढिगावरचं पोर उचलायची मला सवयच आहे. गल्लीत शिरले तर ह्या सगळ्या कोप्रेस, कोप्रेस करत गळ्यात पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा ते नाव कुणी नाक न दाबता घेत होतं. मग नाही सांगितलं."

दारातल्या बायका एकमेकींना खुणा करत मागे सरकल्या. एकीने हातातली बुधली कुठे ठेवावी न कळून जमिनीवर ठेवली आणि निघून गेली.

आपांची मूठ सुटली होती.

"मग कोप्रेसला जमलंच नव्हतं," ते म्हणाले. लहान मुलासारखे म्हणाले. "आता मी कुणाला धरून उभा राहू?"

"माझ्याला धरा की," तेरूस म्हणाली. तिने अजून पाय सोडले नव्हते. "तो तर तुमच्यापेक्षा भित्रा. लग्नाला आला तरी अंधार पडल्यावर परसात जायचं तर मला उठवायचा. म्हणायचा, आई, तू नुसती खोकत राहा. मी खोकत राहायची." तिने पायावरचा ताग नीट केला. "तिकडे खोकायला मी नव्हते हो. तरी झालं त्याच्याच्याने."

तावेसने पोरीला कडेवर घेतलं आणि ती नदीकडे धावली.

*

कोप्रेस घरी आला. दगड कुणी मारले नाहीत. ते सोपं गेलं असतं. लोक त्याच्याकडे पाहीनासे झाले. तो गल्लीतून गेला तर वाटेतली माणसं त्याच्या आरपार पलीकडच्या भिंतीकडे बघत. तावेसलाही कधी कधी कापरं भरे: आत पडून असलेला माणूस सगळ्यांना दिसत होता, आणि हा चालता बोलता कुणालाच दिसत नव्हता. तिने त्याला हात लावला की अंग गरम लागे. ती पुन्हा पुन्हा लावून पाही.

पेकूसिस तिथेच राहिला. तेरूसच्या गावात दुसरं कोणी ख्रिस्ती नव्हतं, दिवा लावायला कोणी नव्हतं, तीही राहिली. दोन म्हाताऱ्या दिव्यावरून भांडत. "वात मोठी करू नकोस, तेल फुकट येत नाही." "माझ्या पोराला उजेड लागतो." "तुझ्या पोराचे लाड मी केलेत इतके दिवस, मला सांगू नकोस." कोप्रेस मात्र आतल्या खोलीत कधी गेला नाही. तो उंबऱ्यावर बसे, तिथेच जेवे. सेनूरिस त्याच्यापुढे मसूर आणि भाकरी ठेवी, पण आल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

नदीला एकाएकी जोर आला आणि आपांचं निघणं लांबलं. पाणी जरा निवळलं त्या सकाळी नावाडी त्यांना न्यायला आला. ते आत जाऊन पेकूसिसच्या पायांना हात लावून आले, आणि उंबऱ्यावर कोप्रेसपाशी थबकले. तावेस चुलीपाशी नोन्नाला पाजत होती. तिला वाटलं, आता हेही आरपार बघतील.

आपा त्याच्या शेजारी बसले.

"तू तिथे होतास," ते म्हणाले. "मला सांग. कसं असतं?"

कोप्रेसने मान वर केली नाही. "मी काय सांगणार, आपा?"

"तुझ्याशिवाय कोण सांगणार? बाकीचे कोणी परत आले नाहीत."

मग कोप्रेस सांगू लागला. "पहिल्या दिवशी काहीच करत नाहीत. नुसतं उभं करून ठेवतात. तहान लागते. मग जो येतो तो ओरडत नाही. आम्ही ओरडण्याची तयारी करून गेलो होतो. तो गोड बोलतो. पाणी देतो. मुलाबाळांची नावं विचारतो. नावं सांगू नका, आपा. मी नोन्नाचं नाव सांगितलं, आणि मग तो ते सारखं घेत राहिला, आपल्या घरातल्यासारखं. तिथे मी संपलो. वेदीपाशी नाही. वेदी नंतर."

"नाव सांगायचं नाही," आपा म्हणाले.

"आणि गुडघे एकमेकांना टेकवून उभं राहू नका. पडायला होतं."

आपांनी उठून गुडघे जरा फाकवून पाहिले. "असं?"

"अजून थोडं."

नदीवरून नावाड्याची हाक आली. आपांनी कोप्रेसच्या डोक्यावर हात ठेवला, कुणी पाहतंय का हे न पाहता, आणि पायऱ्या उतरले. आतून टर्रकन आवाज आला तसे ते वळले. सेनूरिसने जुनं तागाचं कापड काढलं होतं आणि दाताने त्याची कड फोडली होती.

"आजी," आपा तिथूनच म्हणाले, "मी उंच आहे हं. पट्ट्या कमी पडू देऊ नका."

"तुमचं माप माझ्या नजरेत आहे," सेनूरिस म्हणाली. "जा तुम्ही. आणि जमलं तर परत या, मग ह्याची मी पोरीला बाळोती करीन."

ते गेले. पाण्यावर वल्ह्यांचा आवाज काही वेळ येत राहिला. कापड जाड होतं, एकटीने फाटेना. तेरूस आत आपल्या मुलापाशी होती, तावेसच्या अंगावर पोर होती. सेनूरिसने कापडाचं दुसरं टोक उंबऱ्याकडे फेकलं.

"धर," ती कोप्रेसला म्हणाली.

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"धर म्हटलं ना. सैल नको. ओढ."